चार बाळांचं चित्र

सत्यशीलाबाई चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात पंधरा वर्षांपासून आशाताई आहेत. त्यांना एक खोड आहे. दवाखान्यातून नवं पोस्टर आलं की त्या ते लगेच भिंतीला चिकटवत नाहीत. अक्षरांवर वर्तमानपत्र धरतात, नुसतं चित्र उघडं ठेवतात आणि भेटेल त्याला विचारतात, "काय दिसून राह्यलं?" समोरचा काहीही बोलो, त्या वहीत उतरवून घेतात. चुकलं म्हणून त्याला हसत नाहीत. हसतात ते चित्र काढणाऱ्याला, आणि तेही मनसोक्त.

एकदा सापाचं पोस्टर आलं. साप चावलेल्या पायाला दोर बांधू नका, एवढंच सांगायचं होतं. पण दोर बांधलेला पाय हा एवढा मोठा, आणि त्यावरची फुली केसाएवढी बारीक. दहातल्या सात जणांनी सांगितलं, साप चावला की असा घट्ट दोर बांधायचा. बाईंनी लाल रंग आणून ती फुली चांगली दोन बोटं जाड केली, तेव्हा कुठे ती लोकांना दिसली. असलं चित्र काढणाऱ्याला एकदा गावात आणून बसवायला हवं, असं त्या अजूनही म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं पोस्टर आलं. दिसायला देखणं. वर आईबाप, दोघेही अर्धे लाल, अर्धे पांढरे. म्हणजे दोघांच्या रक्तात आजार लपलेला. खाली ओळीने चार बाळं: एक पांढरं, दोन अर्धीअर्धी आणि एक पूर्ण लाल, म्हणजे आजारी. डॉक्टरसाहेब म्हणाले, "शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे." बाईंनी तरी वर्तमानपत्र काढलंच.

तेवढ्यात हर्षा लोहाच्या गोळ्या न्यायला आली. तिला तिसरा महिना लागत होता. ती आणि तिचा नवरा नागसेन, दोघेही चित्रातल्यासारखे अर्धेअर्धे. चार वर्षांच्या पोरीला सिकलसेल होता. थंडी पडली की ती गुडघे धरून रडायची. पोटातल्या बाळालाही तो आहे का, ही तपासणी नागपूरला होते, पण दिवस फार वर जायच्या आत. बाई तीन आठवडे हर्षाच्या मागे लागल्या होत्या आणि ती काहीबाही सांगून टाळत होती. का टाळते, हे काही बाईंना उमगत नव्हतं.

"काय दिसून राह्यलं, हर्षा?"

"चार लेकरं. त्यातलं एक बिमार." हर्षा सहज म्हणाली, "माह्यं तं पयलंच बिमार निंगालं, बाई. आता तीन चांगलेच होतीन. मंग मी नागपूरले कायले जाऊ?"

"हे कोणं सांगतलं तुले?"

"ह्याच चित्रानं. तालुक्याच्या दवाखान्यात लागलं हाय ना, महिना झाला."

खरं सांगायचं तर बाईंना नवलच वाटलं. बरोबर चित्रातून इतकं चुकीचं, आणि इतकं सरळ, निघालं कसं? त्या पोस्टर हातात घेऊन पाहत राहिल्या. चार बाळं ओळीने उभी केली की कोणीही ती पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं अशीच मोजणार. हर्षा चुकली नव्हती, तिने समोर होतं ते वाचलं होतं.

बाईंनी दोन वाट्या आणल्या. एक हर्षाची, एक नागसेनची. प्रत्येकीत एक चिंचोका आणि एक वालाचा पांढरा दाणा. चिंचोका म्हणजे आजार. "लेकरू दोघाइकडून एकेक घेते," त्या म्हणाल्या. पोरीच्या नावाने त्यांनी दोन्ही चिंचोके काढून जमिनीवर ठेवले.

हर्षाने वाट्यांत वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "पाहा बाई, दोनी वाट्यात आता पांढरेच राह्यले. मी तेच तं सांगून राह्यली."

बाई हळूच म्हणाल्या, "पोरगी झाल्यावर तुह्या रगतातून बिमारी निंगून गेली का? मांगच्या महिन्यात तं तपासलं तुले."

"नाई. हायच म्हणे."

"मंग ते चिंचोके परत टाक."

हर्षाने एक चिंचोका आपल्या वाटीत टाकला. दुसरा मुठीत धरून ती बराच वेळ बसली. मग तोही नागसेनच्या वाटीत टाकला.

"आता डोळे मिटून काढ," बाई म्हणाल्या.

हर्षाचा हात वाटीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

"दर खेपेले असंच का, बाई?"

"दर खेपेले."

"नागपूरची पयली गाडी सकाळी कितीले हाय?" हर्षाने विचारलं.