खोट्या हुकुमाचे खरे बेलिफ

घुग्घुसमध्ये बेलिफभाऊंना कोणी दारात उभं करत नसे. कोर्टाचा बेलिफ म्हणजे जप्ती घेऊन येणारा माणूस. त्यांची सायकल गल्लीत वळली की बायका आधी भांडी आत घेत आणि मग सांगत, "ते घरी नाईत." भाऊ शांतपणे विचारत, "मंग आतमधी कोन खोकलून राह्यलं?"

ते निवृत्त झाले आणि नाटक उलटलं. कर्ज देणाऱ्या कंपन्यांची वसुलीवाली पोरं मोटारसायकलवरून फिरू लागली, तशी तीच दारं भाऊंना हाका मारू लागली.

कर्जदारांचे लाड त्यांनी कधी केले नाहीत. "घेतलं तं फेडा," हे तोंडावर सांगत. पण एखादा वसुलीवाला 'वॉरंट निघालं' असं खोटंच म्हणाला, की कोणी समोर बसून बेसूर गावं आणि गवयाचा जीव जावा, तसं त्यांचं होई.

शोभाबाईच्या दारातला प्रयोग मी स्वतः पाहिला. तिचं घर शिवणकामावर चाले. कर्जाचे दोन हप्ते थकले आणि वसुलीचा एक पोरगा कागद नाचवत आला. "कोर्टाचा हुकूम हाय. मशीन उचलतो. अडवलं तं पोलीस तुले उचलतीन." शोभाबाई मशीनला दोन्ही हातांनी धरून उभी.

हाक ऐकून आलेल्या भाऊंनी चष्मा लावला, कागद उन्हात धरला. वर तराजूचं चित्र, खाली लाल शिक्का.

"चित्र झकास हाय. दावा नंबर कुठी हाय? जजसाहेबाची सही? आन् बेलिफ कोन, तू?"

"कंपनीनं देल्ला, काका."

"कंपनी कोर्ट कवापासून झाली बापा? अन् खरा हुकूम असता तरी कारागिराचं हत्यार जप्तीत घेता येत नाई."

पोरगा कागद परत मागू लागला. भाऊंनी तो घडी करून शोभाबाईच्या हातात ठेवला. "हा आता बाईचा पुरावा. तुले झेरॉक्स पायजे का?"

मग आम्ही तिघं चंद्रपूरला, ग्राहक आयोगात. वकील केला नाही. तक्रार शोभाबाईनंच सांगितली. कंपनीचे वकील म्हणाले, ते साधं स्मरणपत्र होतं. मागच्या बाकावरून भाऊ उठले, "स्मरणपत्रावर लाल शिक्का काऊन?" अध्यक्षांनी त्यांना दटावून बसवलं, आणि तोच प्रश्न वकिलांना विचारला.

निकाल लागला. खोटा हुकूम दाखवून धमकावणं ही अनुचित व्यापारी प्रथा. कंपनीनं भरपाई द्यावी, लेखी माफी मागावी. थकलेले हप्ते शोभाबाईनं त्याच मशीनवर शिवून फेडले.

निकालाच्या दिवशी परतीच्या बसमध्ये शोभाबाईला डुलकी लागली. मी भाऊंना म्हटलं, "जिंकलात!" ते खिडकीबाहेर बघत होते.

"नोकरीच्या पयल्याच वर्षी एका न्हाव्याची वस्तरे-कातऱ्यांची धोकटी उचलली होती मी. सावकाराचा मानूस म्हने उचला, मी उचलली. जजसाहेबानं झाडलं, वापस नेऊन दे म्हने. गेलो तं घराले कुलूप. पोराबाळाले घेऊन गाव सोडून गेला. त्याले कायदा ठाव नोहता. मले बी नोहता."

बसमधून उतरताना त्यांनी तिकिटाच्या मागे त्या न्हाव्याचं नाव लिहून माझ्या खिशात टाकलं. "तुमी लय फिरता. दिसला तं सांगा."

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. शोकसभेत मी लाल शिक्क्याचा सगळा प्रयोग आवाजांसकट करून दाखवला; शोभाबाईसुद्धा डोळे पुसत हसली. धोकटीबद्दल मात्र बोललो नाही. परगावी गेलो की मी दाढी सलूनमध्येच करून घेतो, आणि साबण लागण्याआधी कारागिराला त्याच्या वडिलांचं नाव विचारून घेतो.