अंगावर काढलं, अंगावर घेतलं

"अपेंडिसायटिस," जव्हारचे सर्जन म्हणाले. म्हणजे आतड्याला एक छोटं शेपूट असतं, ते सुजलंय, आजच काढायला हवं. मी मान डोलावते तोच पुढे म्हणाले, "नाशिकला न्या."

शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून मी पोटदुखी अंगावर काढलेली. बाईंनाही पोट असतं हे कुणाच्या लक्षात राहतं! मोखाड्याहून जव्हारला येतानाच जीपच्या धक्क्यांनी जीव कासावीस झाला होता. आता पुन्हा मोखाडा ओलांडून सगळा घाट? वाटेत ते शेपूट फुटलं म्हणजे?

आमचे हे पंचायत समितीत कारकून. त्यांचा पारा चढला. थिएटर आहे, भूल देणारे डॉक्टर गावात आहेत, मग नाशिक कशाला? खोदून विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. मागे एक पेशंट दगावला, नातेवाइकांनी केस केली. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला, पण धसका बसला तो बसलाच. तेव्हापासून जरा शंका आली की नाशिक.

हे म्हणाले, आम्ही लिहून देतो, तुमच्यावर ठपका नाही. डॉक्टर कसनुसं हसले. म्हणाले, कन्सेंट म्हणजे संमती. सगळं समजावून सांगितल्याची ती खूण, चुकीला माफी नव्हे.

मला राग आला होता, पण त्यांची कीवही आली. कण्हतच म्हटलं, "डॉक्टर, बिघडलं तर तुम्ही स्वतः येऊन सांगा. दुसऱ्याकडून कळायला नको."

त्यांनी पुन्हा एकदा पोट दाबून पाहिलं आणि भूल देणाऱ्यांना फोन लावला.

ऑपरेशन छान झालं. घरी जायच्या बेतात होते, तर ताप भरला. सकाळी डॉक्टर एकटेच आले, स्टूल ओढून बसले.

"जखमेत इन्फेक्शन झालंय, म्हणजे पू. टाके उघडून धुवावं लागेल. बरं होईल, वेळ लागेल. माझ्याकडून काही राहिलं का, ते मला आज नक्की सांगता येत नाही."

जखम पुढे भरली, मी मजेत शाळेत जाते. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर दुखणं अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना धमकावू नका. ‘काय झालं ते खरं सांगा’, एवढं त्यांच्याकडे हक्काने मागा.

त्या सकाळी मात्र मी उशाशी बसलेल्या यांच्याकडे पाहिलं. आता हे भांडणार! ऑफिसात यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. डॉक्टरही अंग चोरून बसलेले.

हे उठले. घरून आणलेला नागलीच्या भाकरीचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"सकाळपासून काही खाल्लंत का तुम्ही?"