तागडी आक्का आणि पितळी पेला

तागडी आक्का गल्लीत शिरल्या की सासवा नातवंडं लपवायच्या. कुणी कणगीमागं, कुणी शेजारणीच्या पदराआड. अंगणवाडीच्या आक्का त्या. लिंबाच्या फांदीला काटा टांगायचा, त्याला कापडी झोळी अडकवायची आणि एकेक लेकरू जोखायचं, हे त्यांचं काम. जोखलं की दृष्ट लागते, ही बायकांची एक भीती. दुसरी त्याहून मोठी: लेकरू हलकं निघालं तर गावात घराचं नाक कापलं जायचं.

त्यावर आमच्या भालकीकडच्या सासवांनी तोड काढली होती. जोखायच्या दिवशी पोरांच्या पायांत चांदीचे जाड वाळे आणि कमरेला आजीची साखळी. आक्का एकेक दागिना उतरवायच्या. "चांदी सराफाला दावा. मला लेकरू द्या." मी पारावर बसून त्यांची हुबेहूब नक्कल करायचो, टाळ्या घ्यायचो.

मग आमच्या गौरीची पाळी आली. गौरी थोरल्या भावाची मुलगी. भाऊ हैदराबादला कंपनीत. वहिनी आणि पोर आमच्यापाशी. घरी ऊस, ट्रॅक्टर, दावणीला म्हशी. आईनं पोरीला इतकं मढवलं होतं की ती वरातीतल्या घोड्यासारखी वाजत निघाली. चांदी उतरली आणि काटा जरासा हलून थांबला. ऊसतोडीवाल्यांच्या लेकरांपेक्षा आमची गौरी हलकी! पारावर हसू फुटलं. या खेपेला नक्कल करायला मी उठलो नाही.

"म्हशी आटल्या काय, अव्वा?" आक्कांनी आईला विचारलं.

"आटतील कामून? कॅन भरून डेअरीला जायलंय की!" आई तोऱ्यात बोलून गेली आणि बोलता बोलताच तिनं पदर तोंडावर ओढला.

आक्का हळूच म्हणाल्या, "मग हिला बी डेअरीच समजा."

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी आक्का गोठ्यात हजर. आमच्याच फडताळातला पितळी पेला त्यांनी भरून घेतला, दूध तापवायला लावलं. "आधी पेला, मग कॅन." निम्मं गौरीला, निम्मं वहिनीला. घरात सगळ्यांच्या मागून जेवणारी वहिनी लाजली, तशा आक्का म्हणाल्या, "पी ग बाई, माझ्या म्होरं पी. 'तुमी गेल्यावर पिते' म्हणणाऱ्या लई बघितल्या म्या." रोज सकाळी गल्ली हे बघायची आणि आम्ही खाली बघायचो. पुढच्या पावसाळ्यात गौरी गल्लीभर पळू लागली.

गौरी कॉलेजला गेली त्या वर्षी आक्का पुण्याला मुलाकडं कायमच्या निघाल्या. उदगीरची बस धरण्याआधी आमच्याकडं निरोपाला आल्या. आईनं चहा मागवला. आतून कोरा चहा आला. दूध सकाळीच टेम्पोनं गेलं होतं.

आक्कांनी कपात बघितलं. "घरात लेकरू न्हाई वाटतं आता?"

आतल्या खोलीत माझ्या धाकट्या लेकीचा पाळणा कुरकुरला.

"पेला कुठाय?" आक्का म्हणाल्या.

पेला ट्रॅक्टरच्या शेडमध्ये सापडला, नट-बोल्टांनी भरलेला. मी चिंच घेऊन अंगणात घासायला बसलो. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला, मग लांब गेला. आक्का ओट्यावरून हलल्या नाहीत; संध्याकाळची धार निघेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.