सव्वादोनच्या मापाची सायकल

मागच्या हिवाळ्यात घाटंजीच्या मागच्या टेकडीवरून उतरताना मी मुलाच्या जुन्या गिअरच्या सायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हातातल्या काचेच्या बांगड्या काही तिथेच फुटल्या, उरलेल्या दवाखान्यात नर्सने कापड गुंडाळून फोडल्या. बायका अशा वेळी बांगड्या वाढवल्या म्हणतात. मी फुटल्या म्हणते.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात नवऱ्याने बाजारातून भाजीबरोबर हिरव्या बांगड्या आणल्या. न विचारता आणलेल्या, तरी बरोबर बसल्या. बांगडीवालीचा अंदाज चांगला आहे, एवढंच मी म्हटलं आणि भेंडी निवडायला घेतली.

सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी टेकडीवर जाऊन येणं ही माझी दिवसातली एकमेव स्वतःची वेळ होती. पण हात बरा झाल्यावर सायकल काढली, तर साध्या उतारावरही मी खाली उतरून ती ढकलत न्यायचे. पडले त्या दिवशी ब्रेक नीट दाबला गेला नव्हता. चूक माझ्या हाताचीच, असं मी धरून चालले होते. वयही होत आलं, असंही वाटलं. मुलगी पुण्याहून म्हणाली की सायकलच तुझ्या मापाची नाही, बायकांच्या बांध्याच्या डोंगरी सायकली मिळतात आता, बघून तर ये. मी ठरवलं, एकदा बघायची. नाही जमली तर टेकडी बंद. हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बरं म्हणाला आणि यवतमाळच्या एसटीत माझ्या शेजारी येऊन बसला.

दुकानदाराने आधी एक गुलाबी सायकल काढली, पुढे टोपलीवाली. मला भाजी आणायची नाही, टेकडी चढायची आहे, असं सांगितल्यावर त्याने पुरुषांच्या सायकलीतली सगळ्यात लहान पुढे केली. तिच्यावर बसले तर हँडल गाठायला ओणवं व्हावं लागे, आणि उतरून उभी राहिले तर मधली दांडी टोचे. मी नको म्हटलं. तेव्हा तो माडीवर जाऊन धुळीने माखलेली एक करडी सायकल घेऊन आला. बायकांसाठीच बनवलेली आहे भाभी, पण कोणी मागत नाही म्हणून वर पडून होती, असं म्हणाला. तिची दांडी मागे उतरती होती, हँडल जवळ आणि अरुंद, सीट मागच्या बाजूला रुंद. बसले, पाय टेकले, उतरले. कुठेही ओढ बसली नाही. पाठ मोडून सायकल चालवायची असते असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

घ्यायची, असं मी म्हणणार तेवढ्यात नवरा पुढे आला. तोवर तो दाराशी टायर बघत उभा होता. त्याने मूठ आणि ब्रेकची कांडी यांच्यामध्ये आपली बोटं घालून बघितली आणि दुकानदाराला म्हणाला, "हे अजून जवळ घ्या. त्या सायकलचं लांब होतं, म्हणून पडली ते. तिचा हात लहान हाय. सव्वादोनची बांगडी लागते तिले."

दुकानदार हसला. उंची विचारून सायकल विकतो, बांगडीवरून आजच पहिल्यांदा, असं म्हणत त्याने पाना घेऊन कांडीजवळचा बारीक स्क्रू फिरवला. दोन्ही कांड्या जवळ आल्या. मी मूठ धरली, बोटं सहज पोचली. घंटीही बसवून द्या, मी म्हटलं.

परतताना एसटीत मी विचारलं, "माप कसं ठाऊक तुम्हाला?"

"दवाखान्यात फुटलेल्यातला एक तुकडा ठेवला होता खिशात. तोच दाखवला बाजारात."

"आणि ब्रेकचं?"

त्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं की मी प्लास्टरमध्ये असताना त्याने मुलाची सायकल अंगणात उभी करून कांडी दाबून पाहिली होती. त्याच्या मोठ्या हातालाही ती जेमतेम जमली, तेव्हाच माझ्या हाताला जमत नसणार हे त्याच्या लक्षात आलं. मग तेव्हा बोलला का नाहीत, असं मी विचारलं. बोललो असतो तर दुसरी सायकल घेऊन पुन्हा गेली असतीस टेकडीवर, म्हणाला.

रविवारी सकाळी तो स्कूटरने पुढे जाऊन उताराच्या तळाशी पळसाखाली उभा राहिला. मी वर गेले, वळले. पडले होते त्या जागेच्या अलीकडेच बोटं ब्रेकवर गेली. दोन्ही कांड्या दाबल्या. खडीवर थोडी करकरून सायकल उभी राहिली. पाय टेकला. मग ब्रेक सोडून हळूहळू त्याच्यापर्यंत आले.

तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, मनगटाकडे बघत होता. "शाबूत हाय ना सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हटलं, सायकल वळवली आणि पुन्हा वर निघाले.