अदलानं राखलेला तिसरा डोळा

"दोन डोळे वेलीचे, तिसरा लोभाचा."

छाटणीच्या दिवसांत अदला शल्हूब हे इतक्या वेळा म्हणायची, की तिची पाठ वळली की मजूर तिच्याच घोगऱ्या आवाजात ते म्हणून एकमेकांना हसवायचे. खोडापासून निघालेल्या काडीवर दोन डोळे मोजायचे, दुसऱ्या डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडायची आणि तिरपा काप द्यायचा. दोन डोळ्यांतून दोन फुटवे, फुटव्यावर घड. तिसरा डोळा ठेवला तर त्या वर्षी क्रेट भरतात, पण रस पातळ होतो आणि म्हातारं खोड आतून खचतं.

वदादनं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती आठ दिवसांची नवरी होती. अदलाच्या भावाशी, नसीफशी, लग्न होऊन ती झाहले शहरातून या गावात आली होती. मळा बघायला म्हणून ती टाचेच्या बुटांनी वर चढली आणि तिसऱ्याच बांधावर चिखलात रुतली. वेलीपाशी वाकलेली तिची नणंद सरळ झाली, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"झाहलेकरीण," अदला म्हणाली, "बूट तिथंच राहू दे. वसंतात त्यांना पालवी फुटेल."

तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं अदला तिला झाहलेकरीणच म्हणाली. मुलगा झाल्यावर सगळं गाव वदादला उम्म रामेझ, म्हणजे रामेझची आई, म्हणू लागलं, पण अदलाच्या तोंडी शहर काही सुटलं नाही.

घराच्या मागं डोंगराच्या अंगावर दगडी बांध घालून केलेली जमीन होती. तिला सगळे मिल्हेमचा तुकडा म्हणत. मिल्हेम हा अदलाचा आजोबा. मोठ्या उपासमारीनंतरच्या वर्षी, खोऱ्यात जो तो गव्हाच्या दाण्यासाठी जीव टाकत होता, तेव्हा हा माणूस मठाच्या मळ्यातून द्राक्षाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून खेचरावर घालून घेऊन आला. गाव हसलं. म्हणे, पोटाला भाकरी नाही आणि हा दारू पेरतोय. मिल्हेम म्हणाला, "भाकरी तुम्ही पेरा. ती घशाखाली उतरवायला काहीतरी लागेलच." तीनशे वेली त्यानं स्वतःच्या हातानं लावल्या. त्याच्या मुलानं, शाहीननं, डोंगर पोखरून तळघर केलं. नसीफनं बाटल्यांवर घराचं नाव छापलं. आणि या वेलींची छाटणी, शाहीनचा अंगठा दाबयंत्रात चिरडला त्या हिवाळ्यापासून, अदलानं केली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. बाप तिला म्हणाला होता, "जमीन पोराची, वेली तुझ्या." कागदावर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. अदलानं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं कुणी विचारलं तर ती विचारणाऱ्याच्या हातात टोपली द्यायची.

वदादला सगळ्यात जास्त आठवायचा तो युद्धातला एक सप्टेंबर. रस्ते बंद होते, खालच्या गावातून दरवर्षी येणारी तोडणीची कुटुंबं आलीच नाहीत. डोंगराच्या पलीकडे तोफा धडधडत होत्या आणि वेलींवर घड काळेभोर होऊन लोंबत होते. मग नसीफ, अदला आणि वदाद, तिघांनीच नऊ दिवस तोडणी केली. दुपारी जैतुनाचं तेल आणि झातरचा मसाला लावलेली भाकरी, वर कांदा. संध्याकाळी दगडी हौदात अनवाणी उतरून दोघी नणंदा-भावजया द्राक्षं तुडवायच्या, आणि अदला गायची. तिचा गळा असा, की नसीफ तळघरातून ओरडायचा, "बाई गं, थांब! त्यांना वाटेल आम्हीच गोळीबार सुरू केला!" वदाद हसून हसून हौदातच बसली होती. तिचा निळा झगा कमरेपर्यंत जांभळा झाला, तो पुन्हा कधी निळा झाला नाही.

युद्ध संपलं. नसीफ गेला. रामेझ परदेशात वाइनचं शिकून परत आला आणि घराची सूत्रं त्याच्याकडे आली. खाली सपाटीवर त्यानं तारेवरचा नवा मळा केला, पिंपं बदलली, विक्री वाढवली. पोरगा कष्टाळू होता, याबद्दल अदलाचं काही म्हणणं नव्हतं. एका सकाळी अंगणात कॉफी घेताना त्यानं विषय काढला.

"अम्मतो," तो आत्याला म्हणाला, "वरच्या तीनशे वेलींना अठ्ठावीस क्रेट निघतात. खाली तेवढ्याच जागेत नव्वद."

"खाली द्राक्षं निघतात. वर वाइन निघते."

"वाइन मीही करतो."

"करतोस ना. बाटलीवर माझ्या आजोबांच्या घराचं नाव लावून करतोस."

"भांडा, भांडा," वदाद म्हणाली. "कॉफी गार होऊ दे, म्हणजे तिलाही नाव ठेवता येईल."

रामेझनं कप खाली ठेवला. "मी वाईट नाही, अम्मतो. पण भावनेवर मजुरी निघत नाही. चाळीस क्रेट दे. यंदा चाळीस भरले, तर मी जिवंत आहे तोवर त्या तुकड्याला हात लावणार नाही. नाही भरले, तर पुढच्या हिवाळ्यात खोडं उपटतो आणि तारेवरची नवी लावतो."

अदलानं कॉफी संपवली. ती उठली, नळावर कप विसळला, पालथा घातला आणि वर निघून गेली.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं तशी छाटणी लागली. छाटलेल्या काड्या गोळा करणं हे वदादचं काम. त्यांच्या मोळ्या वर्षभर साजखाली, भाकरीच्या घुमटदार तव्याखाली, जळायच्या, आणि द्राक्षाच्या काडीवर भाजलेल्या भाकरीला जी चव येते ती दुसऱ्या कुठल्या जळणाला येत नाही, असं झाहलेची असूनही वदाद छातीठोकपणे सांगायची. त्या दिवशी काड्या उचलता उचलता तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दुपारपर्यंत तिच्या लक्षात येईना. मग कळलं. अदला बोलत नव्हती. सकाळपासून तिनं ते वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं.

वदाद खाली बसली. समोरच्या वेलीवरच्या कापाखालच्या डोळ्यांवर तिनं अंगठा फिरवला. एक, दोन, तीन. शेजारची वेल पाहिली. तीन. पुढची, तिच्या पुढची, बांधाच्या टोकापर्यंत सगळीकडे तीन. वर अदलाची वाकलेली पाठ दिसत होती आणि कात्रीचा खाडखाड आवाज येत होता, नेहमीसारखाच एकसुरी.

संध्याकाळी चुलीपाशी वदाद म्हणाली, "घसा बसलाय का तुझा?"

"का?"

"आज काही ऐकू आलं नाही."

"थंडी आहे," अदला म्हणाली, आणि तिनं चुलीत आणखी एक काडी सारली.

पोराला सांगावं, असं एकदा वदादच्या मनात आलं. पण त्या तुकड्यात तिचे बूट रुतले होते, तिचा निळा झगा गेला होता, नसीफचा आवाज अजून तिथल्या दगडांत होता. तीही त्या जमिनीला जीव लावून होती. तिनं मोळ्या बांधल्या आणि तोंड मिटून घेतलं.

सप्टेंबरात तोडणी झाली. शेवटचा क्रेट रामेझनं स्वतः खांद्यावर घेतला आणि खाली आणून आपटला. "त्रेचाळीस!" तो ओरडला. "हरलो! ऐका रे सगळे, सित्त अदलानं मला हरवलं. तुकडा राहिला!" आज तोही आत्याला मजुरांसारखं सित्त, बाईसाहेब, म्हणत होता. मजुरांनी टाळ्या पिटल्या. मुकादम अबू दियाब म्हणाला, "या बाईशी पैज लावायची म्हणजे खेचराशी शर्यत. हळू चालतं, पण पोचतं आधी." सगळे हसले. अदला नळावर हात धूत होती. खूप वेळ धूत होती.

डिसेंबरात संत बार्बराचा सण आला. साखर, बडीशेप घालून शिजवलेला गहू, वर डाळिंबाचे दाणे आणि बदाम. शल्हूबांच्या घरात त्या दिवशी आणखी एक रिवाज होता. मिल्हेमच्या तुकड्यातली नवी वाइन पिंपातून पहिल्यांदा काढायची, घरातल्या सगळ्यात वडील माणसानं घोट घ्यायचा आणि एकच शब्द बोलायचा. मग बाकीच्यांनी प्यायचं. शाहीन बहुतेक वर्षी "राहील" म्हणायचा. युद्धातल्या त्या सप्टेंबरची वाइन चाखून तो "रागीट" म्हणाला होता, आणि ती खरंच वीस वर्षं बाटलीत धुमसत राहिली. नसीफ गेला त्या वर्षी अदला "एकटी" म्हणाली, तेव्हा टेबलावर कुणाला कुणाकडे बघवलं नव्हतं.

यंदा टेबल भरलेलं होतं. अबू दियाब बायकोला घेऊन आला होता, शेजारीपाजारी होते. रामेझनं पेला आत्यासमोर ठेवला. अदलानं तो उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि गिळला.

"पाणी," ती म्हणाली.

दोघंतिघं हसले. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

"उन्हाळा थंड गेला, अम्मतो," रामेझ समजूत घालत म्हणाला. "मी रसात काचेची नळी घालून गोडी मोजली होती. सगळ्या खोऱ्यातच कमी आहे यंदा."

"बरोबर, बरोबर," अबू दियाब म्हणाला. "माझ्या भावाचीही तीच रड."

वदादनं वाडगा अदलापुढं सरकवला. "गहू खा, गार होतोय," ती म्हणाली. तिचा स्वर विनवणीचा होता आणि तो एकट्या अदलालाच कळला. उन्हाळ्यावर ढकललं असतं तर सगळं निभावलं असतं. कुणी काही विचारणार नव्हतं.

अदलानं वाडगा परत सरकवला.

"उन्हाळ्याला बोल लावू नकोस, पोरा. मी तिसरा डोळा ठेवला होता. प्रत्येक काडीवर. तुझ्या चाळीस क्रेटांसाठी." मग ती भावजयीकडे वळली. "झाहलेकरीण, तू मोजले होतेस ना?"

वदादच्या हातातला चमचा थांबला. "मोजले होते," ती म्हणाली.

रामेझचं तोंड लाल झालं. "आई, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"दोघींनी मिळून मला फसवलंत. माझ्याच घरात."

"दोघींनी नाही," अदला म्हणाली. "कात्री माझ्या हातात होती. साठ वर्षं लोकांना जे सांगत आले, ते मीच मोडलं. तुझा शब्द तुला परत. उपट तुकडा."

रामेझ उठून बाहेर गेला. त्याच्यामागं दार आपटलं. शेजाऱ्यांनी मुकाट्यानं गहू संपवला. अबू दियाबची बायको जाता जाता म्हणाली, "सित्त अदला, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मी रोज तिथं जाते," अदला म्हणाली. "वेलींना तोंड दाखवायचं असतं."

दीड-दोन महिने आत्या-भाच्यात बोलणं नव्हतं. वदाद दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची. मग जानेवारीच्या शेवटी एका सकाळी रामेझ चुलीपाशी येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन, बापासारखा.

"सगळा नाही उपटणार," तो म्हणाला. "मी काल वर जाऊन आलो. काही खोडं संपलीत, काही अजून धरून आहेत. मला त्यातला फरक नीट कळत नाही. अम्मतो, तुला कळतो. कुठली काढायची ते तू दाखव. उरलेली राहू देत. अठ्ठावीस देवोत, नाहीतर वीस. मी पुन्हा मोजायला येणार नाही."

अदला चुलीतली राख सारत राहिली. साठ वर्षं त्या वेली तिनं जगवल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाला मारायचं, हे आता तिच्या तोंडून यायचं होतं. शेवटी ती वदादला म्हणाली, "जुनी चादर आहे का एखादी?"

वदादनं लग्नातली पांढरी चादर काढली. पायथ्याच्या दगडावर बसून ती पट्ट्या फाडत गेली, आणि अदला एकेक पट्टी घेऊन वर जात राहिली. खोडाची साल नखानं खरवडायची, आत कोरडं तपकिरी लागलं की उपटायची खूण म्हणून पट्टी बांधायची. बांधताना पुटपुटायची, आणि वाऱ्यावर वदादला तुकडे तुकडे ऐकू यायचे. "ही नसीफ झाला त्या वर्षी गारांनी झोडपली... ही बापाची लाडकी... तुला मीच मारली गं." दुपार होईतो चढावर जिथं तिथं पांढरं फडफडत होतं. वदादनं पट्ट्या मोजल्या नाहीत. रामेझ खाली ट्रॅक्टरपाशी उभा होता, इंजिन बंद ठेवून.

शेवटची पट्टी बांधून झाल्यावर अदला खाली येईल असं दोघांना वाटलं. पण तिनं हात झग्याला पुसले, वरचा बांध ओलांडला आणि पलीकडच्या पायवाटेनं डोंगराकडे चालू लागली. तिची चाल सावकाश होती आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"हाक मारू का?" रामेझनं विचारलं.

"नको," वदाद म्हणाली. "इंजिन सुरू झालेलं तिला ऐकायचं नाही."

उरलेली अर्धी चादर मांडीवर तशीच धरून ती बघत राहिली, आणि तिच्या शेजारी तिचा मुलगा बघत राहिला. वाट खडकामागं वळते तिथं ती काळी पाठ दिसेनाशी झाली, तरी दोघं जागचे हलले नाहीत.