परड्यातल्या मुंग्या

माझी शाळा चौथीपर्यंतच. पण उंब्रजच्या आसपास गुळाचं काही अडलं की लोक मला विचारायला यायचे. चाळीस वर्षं मी गुऱ्हाळावर गुळव्या होतो. काहिलीतला रस कधी उतरवायचा ते नुसत्या बुडबुड्यांवरनं सांगायचो. सांगलीच्या पेठेत माझ्या हातची ढेप लांबनं ओळखू यायची. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते ह्याच तोऱ्यात झालं.

बारा वर्षांपासून मला शुगर आहे. करोना आला तेव्हा माझी सून गावची आशाताई होती. कुणाला ताप आहे, कुणाला धाप लागते, हे घरोघर जाऊन बघायचं तिचं काम. मुलगा सांगलीला गाडीवर, तो तिकडंच अडकलेला. घरात मी, म्हातारी आणि चार वर्षांची नात. सुनेनं पहिल्याच आठवड्यात आपलं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं. मग एकदा अंगणात लांब उभी राहिली आणि बाकीच्या घरांत सांगायची तसंच मलाही सांगितलं.

"मामा, शुगर असलेल्यांना हा आजार लय जड जातोय. घराबाहेर पडायचं न्हाई. पारावर न्हाई, मयताला बी न्हाई. गोळ्या चुकवायच्या न्हाईत. रोज पाय बघायचं, कुठं जखम हाय का. सकाळी मशीनवर साखर बघून मला आकडा सांगायचा. तहान लय लागली तर लपवायचं न्हाई."

"आन् तू गावभर हिंडणार?"

"म्हणून तर गोठ्याकडं निजतीया."

मी शब्द दिला आणि तो पाळलाही. पलीकडच्या आळीत माझ्या बरोबरीचा गडी गेला, तर दारातूनच हात जोडले. पण उंबऱ्याच्या आत कुणाचं ऐकायचं मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत घरोघर काढा उकळायचा. सुंठ, मिरी, तुळस, हळद. म्हातारी तीन वेळा पेला भरून द्यायची. कडू जहर. मी त्यात गुळाचा खडा टाकायला लागलो, आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा. ढेप माझ्याच हातची, केमिकलचा कण नाही. साखर कारखान्यातली, गूळ औषधी, असं माझं पक्कं मत.

"आवं, शुगर हाय तुमाला," म्हातारी म्हणाली.

"गूळ म्हंजे साखर न्हवं. मला शिकवू नगं."

आणि बोटाला सुई टोचायचा मला कंटाळा. सून सकाळी अंगणातून विचारायची, "मामा, किती?" मी आतून म्हणायचो, "दीडशे." मशीन डब्यातच. ती वहीत लिहून गावात जायची.

पंधरा दिवसांत घशाला कोरड पडायला लागली. तांब्यावर तांबे पाणी प्यायचो आणि सारखा घरामागं परड्यात लघवीला जायचो. म्हटलं, उन्हाळाच आहे.

एके दिवशी दुपारी सून दारात आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,

"मामा, परड्यात भिंतीकडंला मुंग्यांची रांग लागलीया. माझ्या खिडकीतनं दिसती. तितं कोण जातं?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मशीन काढा. माझ्यासमोर."

मी टोचून घेतलं. आकडा आला चारशे बारा. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. सुनेनं तिथूनच डॉक्टरला फोन लावला. बोलून झाल्यावर म्हणाली, "गोळ्या वाढवल्यात. दोन दिवसांत उतरली न्हाई तर दवाखान्यात ठेवायला लागंल. आन् तितं समद्या खाटांवर त्योच आजार हाय."

मी तरी म्हणालो, "माझा गूळ बिनकेमिकलचा हाय."

"मामा, काहिलीतलं तुमी सांगा, मी मुकाट ऐकते. रक्तातलं मला सांगू द्या." मग अंगणाकडं बघून म्हणाली, "माझी पोर रोज अंगणात येऊन रडती. मी तिला जवळ घेत न्हाई. ते कुणासाठी?"

म्हातारी उठली, फडताळातली उरलेली ढेप फडक्यात बांधली आणि परड्याच्या कुंपणावरून शेजारणीला दिली. मी अडवलं नाही.

ते दोन दिवस मी कुणाला टाकून बोललो नाही. बिनगुळाचा काढा डोळे मिटून प्यायलो. पहिल्या सकाळी तीनशे चाळीस, दुसऱ्या सकाळी दोनशे साठ. दोन्ही आकडे मी दारात येऊन मोठ्यानं सांगितले. डॉक्टर फोनवर म्हणाला, घरीच राहू द्या. त्यानंतर आठ-दहा दिवसांत परड्यातली रांग विस्कटली आणि मग दिसेनाशी झाली.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं तेव्हा गावच्या पोरांनी मला लांब खुर्ची टाकून पाक बघायला बोलावलं. सुनेला विचारून, तोंड बांधून गेलो. पाकाचा थेंब पाण्यात टाकला, गोळी दोन बोटांत दाबली आणि म्हणालो, उतरवा. मग बोटं पाण्यात खळखळून धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं विचारलं, "मामा, किती?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"मशीन दावा."

अजूनही रोज मागते. मी दाखवतो.