वन्स मोअर मागायचा नाही म्हणे!

मंडळी, आज रियाधमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकाचा दुसरा आणि शेवटचा प्रयोग झाला. पहिला मी कालच पाहिला होता, तरी आज पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसले. वेड म्हणा हवं तर.

पडदा उघडायच्या आधीच निवेदक मुलगा म्हणाला, "हॉल वेळेत सोडायचाय. प्लीज, कुणी वन्स मोअर मागू नका."

माझं डोकंच फिरलं.

आखाती युद्ध चालू असताना हेच नाटक आम्ही इथे एका घराच्या दिवाणखान्यात केलं होतं. नायिका होती रत्नागिरीची नसीम. ऐन पदात भोंगा वाजला. दिवे घालवून सगळे आतल्या खोलीत शिरलो, विषारी वायूच्या भीतीनं दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. पोरं मांडीवर, वर स्कड क्षेपणास्त्रं. तेवढ्यात आमचे हे कोपऱ्यातून ओरडले, "वन्स मोअर!" आणि धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत नसीम गात राहिली.

आज तीच नसीम माझ्या शेजारी होती आणि स्टेजवर तिची नात गात होती. पद संपताच मी उठून ओरडले, "वन्स मोअर!"

निवेदक धावत आला. "काकू, वेळ नाहीये हो!"

"तेव्हा तरी कुठं होता रे?" म्हणत नसीमही उभी राहिली. मग अख्खा हॉल.

तुम्ही असतात तर बसून राहिला असतात?

पोरीनं पुन्हा सूर लावला, तर हॉलवाल्यानं दिवेच घालवले.

घालव, बापड्या. अंधारात ऐकायची सवय आहे आम्हाला.